एक्कावन्न किलो सहाशे

"वजन लुगड्यासकट धरायचं, का लुगडं वजा करून?" मी विचारलं.

शेडमधली सगळी माणसं हसली. आवळे सिस्टरही हसल्या. माझ्या बायकोनं, शालननं, तोंडाला पदर लावला आणि दुसऱ्या हातानं माझ्या दंडाला चिमटा काढला.

"मामा, रोज तसलंच लुगडं असलं म्हणजे झालं," सिस्टर म्हणाल्या. "वजा कशाला करताय?"

"आमच्याकडं रिकाम्या गाडीचं वजन वजा करत्यात. तवा उसाचं खरं वजन निघतंय."

"म्हंजी मी गाडी व्हय?" शालन म्हणाली, आणि माणसं पुन्हा हसली.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या आधी जून महिन्यात शालन दवाखान्यात नऊ दिवस होती. हृदय अशक्त झालंय, हार्ट फेल्युअर म्हणतात याला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला वाटलं, फेल म्हणजे संपलंच. पण तालुक्याच्या त्या दवाखान्यात दर मंगळवारी ओपीडीच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये आवळे सिस्टर अशा पेशंटना आणि त्यांच्या घरच्यांना बसवून समजावून सांगायच्या. पहिलंच वाक्य त्यांचं असायचं, "फेल म्हणजे बंद नव्हे. विहिरीवरची मोटार दमली की पाणी पाटापर्यंत चढत नाही, खालीच डबकं होतं. तसंच हे. डबकं पायात होतं, पोटात होतं, छातीत होतं. वाढलेलं वजन म्हणजे मांस नव्हे, पाणी."

मग त्या एकेक गोष्ट सांगायच्या. लोणचं, पापड बंद. पाणी, चहा, ताक सगळं धरून दिवसाला दीड लिटर. लघवीची गोळी चुकवायची नाही. नडगीवर बोट दाबून खड्डा पडतो का बघायचं. झोपायला उशा किती लागतात ते मोजायचं. एकाच्या दोन झाल्या तर सांगायचं. आणि रोज सकाळी लघवीला जाऊन आलं की चहाच्या आधी वजन करून वहीत लिहायचं.

"तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर काय करायचं?"

"फोन!" सगळ्यांनी एकसुरात म्हटलं.

त्यापुढं त्या आणखी काहीतरी सांगत होत्या. माझं लक्ष नव्हतं. मी वहीच्या मागच्या पानावर लुगडं, बांगड्या, जोडवी आणि मंगळसूत्र यांचा अंदाज मांडत होतो. सगळं मिळून आठशे ग्रॅम धरले.

एकतीस वर्षं मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली होती. हिंदुराव थोरात काट्यावर असला की गाडीवान सरळ यायचे. भरलेल्या गाडीत उसाखाली दगड घालणारे मी पकडले होते. रिकाम्या गाडीचं वजन कमी भरावं म्हणून एखादं चाक हळूच काट्याच्या कडेवर टेकवणारेही पकडले होते. मी आकडा बघायच्या आधी खाली उतरून चाकं बघायचो. नवीन पोरांना सांगायचो, "आकडा खोटं बोलत न्हाई. गाडी कुठं टेकलीय ते बघा."

तालुक्यातून मी काचेचा, आकडे दिसणारा काटा आणला. कारखान्यातल्या जुन्या सोबत्याकडून शिक्का मारलेली पाच आणि दहा किलोची मापं मागून आणली आणि तो तपासला. दहाला दहा दाखवत होता. शालन दारात उभी राहून बघत होती.

"त्यो खरा हाय का न्हाई ह्येची खात्री झाली, आता माझी बी करा," ती म्हणाली आणि काट्यावर चढली. एक्कावन्न किलो चारशे.

पुढचे आठ महिने रोज तेच. ती उठायची, मिश्री लावायची, चूळ भरून यायची आणि खोलीच्या मधोमध काट्यावर उभी राहायची. मला जवळचं दिसत नाही, म्हणून चष्मा लावून मी उकिडवा बसायचो आणि आकडा वाचायचो. एक्कावन्न दोनशे. एक्कावन्न सहाशे. एक्कावन्न तीनशे. ती म्हणायची, "लग्नात सुदिक माझ्या पायाशी असं कवा बसला न्हाईसा." मी लिहायचो. मीठ कमी केल्यामुळं आमटीला चव नव्हती, पण ती माझ्यासाठी वेगळी करत नव्हती. "एका घरात दोन आमट्या न्हाईत व्हायच्या," म्हणायची. मलाही ते बरं वाटायचं.

त्याच दिवसांत उज्ज्वलाला दिवस गेले.

उज्ज्वला आमची एकुलती एक लेक. तासगावाकडं दिली होती. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मूल नव्हतं. नऊ वर्षं शालननं गावातल्या एकाही बारशाला पाळण्याला हात लावला नव्हता; मागंच उभी राहायची. बातमी कळली त्या दिवशी ती शेजारच्या पाच घरी जाऊन आली. साखर वाटायला नव्हे, जुनी, मऊ झालेली लुगडी मागायला. बाळासाठी वाकळ शिवायची तर नवं कापड चालत नाही. धुऊन धुऊन विरत आलेलं कापड बाळाच्या अंगाला टोचत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. पण विहीणबाईंच्या मनात शंका होती. त्यांचा फोन आला तेव्हा शालननं मोबाईल मोठ्या आवाजावर ठेवला होता.

"तुमच्याच जिवाला बरं न्हाई," विहीणबाई म्हणाल्या. "तुमी बाळंतिणीचं करणार का बाळंतिणीनं तुमचं करायचं? हितंच करू की आमी."

"मला काय झालंय? म्हशीवाणी हाय मी."

"जूनमधी नऊ दिस म्हस दवाखान्यात हुती न्हवं?"

शालनचं तोंड उतरलं. पण आवाज तिनं पडू दिला नाही. "पोरीचं पैलं बाळंतपण हाय बाई. नऊ वर्सांनी. माझ्या दारात हुंद्या."

विहीणबाई वाईट नव्हत्या. जरा थांबून म्हणाल्या, "सोमवारी आठवा लागतोय. आठव्यात आमी हलवत न्हाई. रविवारी जावई सोडून जाईल. पन तवर तुमी धड राहा. परत दवाखाना झाला तर पोरगी हितंच राहील, मग मला बोल लावू नगा."

तो मंगळवार होता. रविवारपर्यंत पाच दिवस.

घराला चुना मारून झाला होता. डिंकाचे लाडू वळून झाले होते. वाकळ अर्धी राहिली होती. शालन सकाळपासून पाय खाली सोडून बाजेवर बसायची आणि टाके घालायची. उठायला लागू नये म्हणून ती काय करत होती, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

बुधवारी सकाळी आकडा बावन्न सहाशे आला. आदल्या दिवशी एक्कावन्न पाचशे होता.

"एक किलो वाढलं," मी म्हणालो.

"काल उज्ज्वलाचं लाडू चाखलं की चार. डिंक जड असतोय."

गुरुवारी आकडा त्रेपन्न सातशे आला. मी उकिडवाच बसून राहिलो. दोन दिवसांत दोन किलो दोनशे. वहीच्या पुठ्ठ्यावर सिस्टरनं लाल पेनानं स्वतःचा नंबर लिहून दिला होता. मी उठलो आणि खुंटीवरच्या सदऱ्यातून फोन काढला.

"काय करतासा?"

"सिस्टरला सांगतो."

"ठिवा त्यो खाली."

"शालन, दोन किलो झालं."

"म्हंजी आज गाडी बोलवायची. आज ॲडमिट. नऊ दिस. रविवारी लेक दारात यायची आन दाराला कुलूप." ती काट्यावरून उतरली नव्हती. "अवं, जरा इचार करा. फरशी तरी सपाट हाय का हितली? मधी उंच हाय. तिकडं भिंतीकडं सपाट हाय. तिकडं ठिवून बगा."

शहाबादी फरशी होती. मी ती झाडत नसलो तरी तीस वर्षं तिच्यावरून चालत होतो; कुठं उंच-सखल आहे ते मला माहीत होतं. काटा मधोमध मीच ठेवला होता, पातळी बघून.

पण मी तो उचलला आणि भिंतीजवळ ठेवला. ती भिंतीकडं तोंड करून चढली. मी पुन्हा बसलो, चष्मा लावला आणि आकडा वाचू लागलो. तो आधी त्रेपन्नवर गेला, मग हळूहळू खाली येऊ लागला. बावन्न आठशे. बावन्न दोनशे. एक्कावन्न नऊशे.

"किती?" ती म्हणाली.

"एक्कावन्न सहाशे."

"बगा. फरशीच वाकडी. लिवा."

मी लिहिलं.

शुक्रवारी एक्कावन्न सहाशे. शनिवारी एक्कावन्न सहाशे. काटा भिंतीजवळच राहिला. मी खाली वाकून आकडा वाचायचो आणि लिहून झालं की सरळ चहा ठेवायला चुलीकडं जायचो.

शनिवारी दुपारी आवळे सिस्टरचाच फोन आला. पेशंट मंगळवारी आला नाही की त्या चौकशी करायच्या.

"मामा, लुगडं वजा करून किती?"

"एक्कावन्न सहाशे."

"काल?"

"तेवडंच."

"परवा?"

"तेवडंच."

"तीन दिवस एक ग्रॅम हललं नाही? माझं तर सकाळ-संध्याकाळ हलतं. बरं, मावशींना द्या."

शालननं फोन घेतला आणि दम लागलेला कळू नये म्हणून एकेका शब्दात उत्तरं देऊ लागली.

"दम लागतो का?" सिस्टर विचारत होत्या. आवाज मला ऐकू येत होता.

"न्हाई."

"पायाला सूज?"

"न्हाई."

"उशा किती घेता?"

"एकच."

अंगणात दोरीवर तीन उशांचे अभ्रे वाळत होते. मी त्यांच्याकडं बघत उभा होतो. फोन माझ्या हातात परत आला तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "मामा, काही लागलं तर रविवार-सोमवार बघू नका. फोन करा." मी "व्हय" म्हणालो.

रविवारी अकरा वाजता जावयाची गाडी आली. शालन अंघोळ करून, हिरवं लुगडं नेसून दारात उभी होती. पायात जोडवी नव्हती. बोटं सुजल्यामुळं ती चढली नव्हती. उज्ज्वला उतरली. पोट चांगलं दिसत होतं. शालननं भाकर-तुकडा तिच्यावरून उतरून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं आणि तिला आत घेतलं. त्या पाच पावलांनंतर ती बाजेवर बसली ती बराच वेळ बोलली नाही. छाती वर-खाली होत होती.

"आई, दम लागलाय तुला?"

"तुला बगून लागलाय. नऊ वर्सं धरून ठिवलेला."

उज्ज्वला हसली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. शालननं पूर्ण झालेली वाकळ तिच्या पोटावर पसरली. हिरवा, जांभळा, कुठं विटका लाल, पाच घरच्या लुगड्यांचे तुकडे होते. कडेचा टाका जरा वाकडा गेला होता.

"कडेला गडबड झाली," शालन म्हणाली. "बोटं जाड झाल्यावाणी वाटत्यात."

"असू दे. बाळाला काय कळतंय?"

"बाळाला कळत न्हाई म्हणून तर नीट करायचं."

दुपारी तिनं लेकीला शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी स्वतः वाढली. मी बघत होतो. इतकी सुखात मी तिला उज्ज्वलाच्या लग्नातही बघितली नव्हती. एकदा माझ्याकडं वळून ती हळूच म्हणाली, "आता करा फोन उद्या. काय बी म्हनूंदे. लेक दारात आली."

"उद्या सकाळी करतो," मी म्हणालो.

सोमवारी उजाडायच्या सुमाराला तिला आडवं होता येईना. भिंतीला टेकून बसवली तरी घुसमटत होती. ओठ निळे पडले होते. छातीत घागर बुडल्यासारखा आवाज येत होता. जावई रात्री मुक्कामाला होता म्हणून गाडी होती. उज्ज्वला रडत रडत गाडीत बसायला लागली तेव्हा शालननं हातानं नको म्हणून खूण केली. बोलायला श्वास नव्हता, पण खूण स्पष्ट होती. आठवा लागला होता.

दवाखान्यात कॉटसकट वजन करायचा काटा होता. कॉट वजा करून छप्पन्न किलो दोनशे. सवयीनं मी तो आकडाही वहीत लिहिला.

तरुण डॉक्टरांनी माझ्या हातातली वही बघितली. कालच्या रविवारच्या तारखेसमोर एक्कावन्न सहाशे लिहिलेलं होतं.

"आजोबा, तुमचा काटा बिघडलेला आहे," ते म्हणाले. "पाच किलोचा फरक कसा पडेल एका दिवसात?"

"असंल," मी म्हणालो.

एकतीस वर्षांत मी खऱ्या काट्याला खोटं म्हणालो नव्हतो. ती पहिली वेळ.

चार दिवस ती होती. सुयांमधून औषध दिलं, नाकातून ऑक्सिजन दिला. दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटलं तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं.

"उज्ज्वला जेवली का?"

"जेवली. शेजारच्या काकी आल्यात सोबतीला."

"वाकळ ऊन दाखवून ठिवा." मग थोड्या वेळानं म्हणाली, "त्या गोळ्या शिवणाच्या डब्यात हायत. दोऱ्याच्या खाली. आठ दिस घेतल्या न्हाईत. सारकं उठावं लागत हुतं. वाकळ उरकली नसती."

तिनं माझा हात धरला. तिच्या मनगटावर माझं बोट टेकलं तिथं खड्डा पडून राहिला.

गुरुवारी दुपारी ती गेली.

दहावा झाला, तेरावा झाला. घर माणसांनी भरलं आणि रिकामं झालं. उज्ज्वला आमच्याच घरी राहिली, कारण आठव्यात हलवत नाहीत. विहीणबाई तेराव्याला आल्या त्या परत गेल्याच नाहीत. पिशवीतून चार लुगडी काढून खुंटीला लावली आणि म्हणाल्या, "तिच्या दारात बाळंतपण व्हायचं ठरलंय न्हवं? मग हुंद्या." त्यांनीच सगळं केलं.

एका सकाळी उज्ज्वला झाडत होती. भिंतीजवळचा काटा सरकवून ती थांबली.

"आण्णा, ह्ये काय लागलंय चुन्याला? आता तर मारलाय."

कमरेच्या उंचीवर, पांढऱ्या चुन्यावर चार बोटांचे काळपट ठसे होते. एकावर एक, चार दिवसांचे. मिश्रीचे.

"आसंल कशाचं तरी," मी म्हणालो.

"पुसू?"

"ऱ्हाऊ दे."

तिनं पुसले नाहीत. का राहू दे म्हणालो ते तिनं विचारलं नाही.

महिन्यानंतर मी दवाखान्यात उरलेल्या गोळ्या आणि वही परत द्यायला गेलो. वही कुणी परत मागितली नव्हती. आवळे सिस्टर पत्र्याच्या शेडमध्ये एकट्याच होत्या, खुर्च्या उलट्या ठेवत होत्या. त्यांनी वही उघडली, पानं उलटली आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

"मामा, चार दिवस एकच आकडा."

"व्हय."

"तुमचा काटा बिघडला होता असं डॉक्टर म्हणाले."

"काटा ठीक हाय. मी मापं ठिवून तपासलाय. परवा परत तपासला. दहाला दहा."

त्यांनी वर बघितलं. मी बसलो. बसल्याशिवाय सांगता येणार नव्हतं.

"तिनं भिंतीला हात लावला हुता. मिश्रीचा हात. गुरुवारी पैल्यांदा काटा तिकडं नेला तवा मला आकडा खाली येताना दिसला. आसा आकडा कवा खाली येत न्हाई सिस्टर, चाक टेकवल्याबिगर. मी आकडा वाचत हुतो आन ती हातावर जोर देत हुती. एक्कावन्न सहाशेला मी 'एक्कावन्न सहाशे' म्हनालो. म्हंजी बास म्हनालो. तिला कळलं. मला बी." मी चष्मा काढून पुसला. "तुमच्या फोनवर बी मी गप ऱ्हायलो. लेक रविवारी यायची हुती. तुमाला सांगितलं असतं तर तुमी ॲडमिट केलं असतं. नऊ दिस."

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ओढत चाललं होतं, त्याचं चाक करकरत होतं.

"मामा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "गुरुवारी फोन केला असता तर मी गोळी घेतलीय का ते विचारलं असतं. मग डॉक्टरांना विचारून दोन दिवस गोळी वाढवली असती. रोज फोन केला असता. बहुतेक वेळा एवढ्यानं पाणी उतरतं. घरी बसल्या जागी." त्यांनी वही मिटली. "ॲडमिट नसतं केलं, मामा. गुरुवारी नसतं केलं."

"तुमी आदी सांगितलं न्हाई आमाला."

"पहिल्याच मंगळवारी सांगितलं होतं. दर वेळी सांगते. 'फोन केला म्हणजे ॲडमिट नव्हे, लवकर केला तर गोळीवरच भागतं.' फोन म्हणून सगळे ओरडतात, त्याच्या पुढचं वाक्य असतं ते."

मला तो मंगळवार आठवला. सगळे हसत होते. शालननं चिमटा काढला होता. त्यापुढचं वाक्य सिस्टर सांगत होत्या तेव्हा मी वहीच्या मागच्या पानावर तिच्या जोडव्यांचं वजन मांडत होतो. ते पान सिस्टरच्या हातातल्या वहीत अजून होतं.

मी उठलो. त्यांनी वही माझ्यापुढं धरली. "ही तुमच्याजवळ ठेवा. आणि पुढच्या मंगळवारी या."

"आता कशाला?"

"माझं पुढचं वाक्य कुणाला ऐकू जात नाही, म्हणून."

पंधरा दिवसांनी उज्ज्वलाला मुलगी झाली. विहीणबाईंनी बाळाला पहिल्यांदा अंघोळ घालून शेक दिला आणि वाकळीत गुंडाळून माझ्याकडं आणून दिलं. वाकडा टाका बाहेरच्या बाजूला होता. बाळाचं वजन दवाखान्यात दोन किलो सातशे भरलं होतं. मी नर्सला दोनदा करायला लावलं.

त्याला आता सात वर्षं होतील. मी दर मंगळवारी जातो. एसटी उशिरा आली तर सिस्टर थांबतात. त्या मोटारीचं आणि डबक्याचं सांगतात, मिठाचं सांगतात, उशांचं सांगतात, आणि "तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर?" म्हणून विचारतात. माणसं "फोन!" म्हणतात. मग सिस्टर माझ्याकडं बघतात आणि मी उभा राहतो.

मी जास्त बोलत नाही. वही उघडून ते पान फिरवतो आणि विचारतो की यातलं खोटं वजन कुठलं. बहुतेक जण छप्पन्न दोनशेवर बोट ठेवतात, कारण तोच आकडा वेगळा दिसतो. मग मी सांगतो. काटा खोलीच्या मधी ठेवा. वजन करताना आकड्याच्या आधी माणसाचे हात बघा. गोळी गिळताना समोर उभं राहा. आणि फोन केला म्हणजे ॲडमिट नव्हे, हे दोनदा सांगतो.

मागच्या मंगळवारी एक बाई आली होती. चाळिशीची असेल. नवऱ्याला हाच आजार, तो रिक्षा चालवतो. तो बाहेर विडी ओढायला गेला होता आणि ही आत कोपऱ्यात बसली होती. सगळं झाल्यावर सगळ्यांच्या मागून तिनं विचारलं,

"आन काका, हात दिसला तर?"

"दिसला तर लगेच फोन करायचा."

"त्येनी नगं म्हटलं तर? पोराची परीक्षा हाय, सवारी हाय, आसलं काय काय सांगत्यात."

"तरी करायचा."

"लय रागीट हायत ओ. महिनाभर बोलणार न्हाईत माझ्याशी."

मी वही मिटली.

"न बोलू दे," मी म्हणालो. "न बोलायला तरी माणूस घरात ऱ्हातंय."

तिनं पर्समधून पेन काढलं, शोधून शोधून एक कागद काढला आणि सिस्टरचा नंबर परत एकदा विचारून लिहून घेतला.